रोलेक्स निव्वळ जाहिरातीवर मोठी झाली का?

प्रश्न असा आहे: ज्याने रोलेक्स काढली तो स्विस नव्हता आणि घड्याळजीही नव्हता. कंपनी सुरू झाली लंडनमध्ये, मशीन दुसऱ्याच कारखान्याचं. तरी आज ती विक्रीत जगातली सगळ्यात मोठी स्विस घड्याळ कंपनी आहे. म्हणजे हा सगळा जाहिरातीचाच खेळ ना? आणि तसं असेल तर आज एखाद्याने तेवढाच पैसा जाहिरातीत ओतला, तर त्यालाही हे जमेल का?

माझं आयुष्य घड्याळं उघडण्यात आणि बंद करण्यात गेलं आहे, त्यामुळे मी हे टेबलावरून पाहतो. प्रश्नातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. माझ्या मते रोलेक्स वाढली ती आधी केसमुळे, म्हणजे मशीनभोवतीच्या धातूच्या कवचामुळे. आणि नंतर ती टिकली, कारण तेच घड्याळ वर्षानुवर्षं सुधारत बसायला लागणारी सवड तिच्या मालकीच्या रचनेतून मिळाली. जाहिरात जोरदार होती यात शंका नाही. पण दर वेळी दाखवण्यासारखं काहीतरी हातात आल्यावरच ती झाली.

सुरुवात हान्स विल्सडॉर्फपासून. जन्म १८८१, बव्हेरियातलं कुल्मबाख. आईवडील लहानपणीच गेले. १९०० च्या सुमारास तो स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात एका निर्यातदाराकडे नोकरीला लागला. इंग्रजी येत असल्यामुळे पत्रव्यवहार त्याच्याकडे होता. पण त्याच कचेरीत रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि कुठलं पुढे पळतं, कुठलं मागे पडतं हे तपासायचं कामही त्याच्या वाट्याला आलं. हातात भिंग आणि चिमटा नसेल, पण घड्याळ कुठे दगा देतं हे त्याने रोज पाहिलं होतं. १९०३ मध्ये तो लंडनला गेला आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिसबरोबर हॅटन गार्डनमध्ये ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही पेढी काढली. स्वित्झर्लंडमधून मशीन आणायची, चांगल्या केसमध्ये बसवायची आणि सराफांना विकायची, हा धंदा.

त्या काळी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष खिशात घड्याळ ठेवत. यामागे नुसती फॅशन नव्हती, तांत्रिक कारण होतं. खिशातलं घड्याळ बहुतेक वेळ एकाच स्थितीत, उभं टांगलेलं असतं. मनगट मात्र सतत फिरतं: डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली. प्रत्येक स्थितीत बॅलन्सच्या, म्हणजे वेळ मोजणाऱ्या डोलत्या चाकाच्या, टोकांवरचं घर्षण बदलतं आणि चाल बदलते. मशीन जितकं लहान तितका हा फरक सांभाळणं अवघड. शिवाय मनगटावर घाम, धूळ, धक्के. म्हणून मनगटी घड्याळावर कुणी विश्वास ठेवत नसे.

स्वित्झर्लंडमधल्या बीएन गावातल्या एग्लर कारखान्यात लहान आकाराची लिव्हर मशीन चांगली बनत. विल्सडॉर्फने तिथे मोठी मागणी नोंदवली आणि घड्याळं परीक्षेला पाठवायला सुरुवात केली. १९१० मध्ये बीएनच्या अधिकृत तपासणी केंद्राने रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक चालीचं, प्रमाणपत्र दिलं. १९१४ मध्ये इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने ‘ए’ वर्गाचं प्रमाणपत्र दिलं. ही परीक्षा ४५ दिवसांची, वेगवेगळ्या स्थितींत आणि वेगवेगळ्या तापमानांत. असं प्रमाणपत्र तोवर मोठ्या आकाराच्या घड्याळांना मिळत असे. मनगटी घड्याळाला ते पहिल्यांदाच मिळालं. मशीन एग्लरचं होतं हे खरं, पण त्या छोट्या मशीनला या परीक्षेला बसवायचा आग्रह विल्सडॉर्फचा होता. ही भागीदारी पुढे जवळजवळ शतकभर चालली आणि अखेर २००४ मध्ये रोलेक्सने बीएनचा तो कारखानाच विकत घेतला.

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी मनगटी घड्याळं वापरली आणि पुरुषांचा संकोच गेला. ब्रिटनने १९१५ मध्ये आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून अधिक कर लावला, तेव्हा विल्सडॉर्फने हळूहळू बस्तान जिनिव्हाला हलवलं. १९२० मध्ये तिथे कंपनी नोंदली गेली. रोलेक्स ‘स्विस’ झाली ती अशी, करामुळे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

घड्याळाच्या केसला तीन दारं असतात. काच जिथे बसते ते, मागचं झाकण, आणि चावीची दांडी जिथून आत शिरते ते भोक. पहिली दोन बंद करणं तुलनेने सोपं, कारण ती रोज उघडत नाहीत. तिसरं रोज हलतं. जुनी, दाबून बसवलेल्या झाकणाची घड्याळं दुरुस्तीला येतात तेव्हा मी पाहिलेला प्रकार असा: झाकण उघडलं की गंज सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो चावीच्या दांडीपासून सुरू होतो. दांडी तपकिरी, तिच्या शेजारची चाकं तपकिरी, आणि तिथून मशीनच्या मध्याकडे पातळ होत गेलेला डाग. डायलवर तीनच्या आकड्याजवळ बुरशीचे ठिपके. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत, पावसाळ्यात मनगटावर राहिलेल्या घड्याळांत हे इतकं ठरलेलं असतं, की झाकण उघडायच्या आधीच चावी ओढून पाहिली तरी आतल्या हालाचा अंदाज येतो.

विल्सडॉर्फने आधी एक सरळसोट उपाय करून पाहिला. १९२२ च्या सुमाराच्या त्या घड्याळात पूर्ण घड्याळ, चावीसकट, एका दुसऱ्या बाहेरच्या केसमध्ये ठेवलं होतं आणि वरून आट्यांची कडी फिरवून बंद केलं होतं. पाणी आत जात नसे. पण रोज चावी द्यायची तर रोज ती बाहेरची कडी काढायला हवी. आटे झिजणार, वॉशर दबणार, आणि माणूस कंटाळणार. ते घड्याळ चाललं नाही.

मग १९२५ मध्ये पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांचं स्क्रूसारख्या आवळणाऱ्या चावीचं पेटंट त्याच्या नजरेस आलं. त्याने त्याचे हक्क विकत घेतले, सुधारणा केल्या आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ बाजारात आणलं. मागचं झाकण आट्यांचं, काचेची कडी आट्यांची, चावीही आट्यांची. तिन्ही दारांना एकच इलाज. मागच्या झाकणाच्या कडेला बारीक खाचा असतात आणि त्या खाचांना बसेल असं अवजार लावल्याशिवाय ते हलत नाही. आजही रोलेक्सचं झाकण असंच उघडावं लागतं. जवळजवळ शंभर वर्षांत तत्त्व बदललेलं नाही, आट्यांची सफाई आणि वॉशरचं साहित्य तेवढं सुधारलं.

पण त्यातही एक खोट राहिलीच होती, आणि ती समजली की रोलेक्सची पुढची वाटचाल समजते. १९२६ चं ऑयस्टर हाताने चावी द्यायचं होतं. म्हणजे रोज चावी सोडवायची, फिरवायची, परत आवळायची. माणूस आवळायला विसरतो. विसरला की जलरोधक केसला भोक पडलंच म्हणायचं. नाही विसरला तरी रोजच्या वापराने आटे झिजतात. यावर उत्तर एकच: चावीला हात लावायची वेळच येऊ नये. जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने १९२० च्या दशकात स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, मनगटी घड्याळ केलंच होतं. त्यात वजनाचा तुकडा थोड्या कोनात हलून दोन्ही बाजूंच्या बफरवर आपटे. धूळ जाऊ नये म्हणून हारवूडने बाहेरची चावीच काढून टाकली होती. डोकं त्याचंही त्याच दिशेने चाललं होतं, पण त्याची कंपनी मंदीत बुडाली. एग्लरच्या एमिल बोररने त्या तुकड्याऐवजी पूर्ण गोल फिरणारं वजन, म्हणजे रोटर, केलं आणि १९३१ मध्ये ‘ऑयस्टर पर्पेच्युअल’ आलं. आधीच्या मशीनवर रोटरचा मजला चढवल्यामुळे ते जाड झालं आणि मागचं झाकण फुगीर करावं लागलं. संग्राहक त्या घड्याळांना ‘बबलबॅक’ म्हणतात.

ऑटोमॅटिकपणाकडे लोक सोय म्हणून पाहतात. माझ्या दृष्टीने तो केस बंद ठेवण्याचा उपाय होता. चावी आवळलेली राहते, आत ओल जात नाही, तेल टिकतं, चाल टिकते. जलरोधक केस, क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र आणि रोटर ही तीन वेगळी वैशिष्ट्यं म्हणून छापली जातात, पण पहिलं नसेल तर बाकीची दोन फार दिवस टिकत नाहीत.

आता जाहिरात. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइत्झ ही इंग्लिश खाडी पोहून पार करणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. लगेच दुसऱ्या एका बाईने आपणही खाडी पोहल्याचा खोटा दावा केला आणि ग्लाइत्झवरही संशय आला. तिने २१ ऑक्टोबरला पुन्हा पोहून दाखवायचं ठरवलं. विल्सडॉर्फने तिला ऑयस्टर दिलं आणि तिने ते गळ्यात अडकवलं. पाणी इतकं थंड होतं की दहा तासांहून अधिक काळ पोहल्यावर तिला बाहेर काढावं लागलं. पोहणं पूर्ण झालं नाही, पण घड्याळ चालू होतं. नोव्हेंबरमध्ये विल्सडॉर्फने ‘डेली मेल’चं अख्खं पहिलं पान विकत घेतलं. दुकानांच्या काचेत पाण्याच्या टाकीत, माशांबरोबर ऑयस्टर ठेवायची पद्धतही त्याचीच. आता विचार करा, झाकण दाबाचं असतं तर हीच जाहिरात आठवड्याभरात कंपनीला घेऊन बुडाली असती. टाकीतलं घड्याळ बंद पडलेलं प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसलं असतं. त्याची जाहिरात ही उघड्यावर दिलेली परीक्षा होती. आजच्या ब्रँडांनी त्यातला चेहरा उचलला आणि परीक्षा सोडून दिली, असं मला वाटतं.

त्याच माणसाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतल्या ब्रिटिश युद्धकैद्यांना त्याने पत्रावर घड्याळं पाठवली आणि पैसे युद्ध संपल्यावर द्या असं कळवलं. स्टालाग लुफ्ट तीन या छावणीतल्या एका कैद्याने असं मागवलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, प्रसिद्ध आहे. यात धंद्याची दृष्टी होतीच, पण युद्धाचा निकाल लागायच्या आधी असा विश्वास टाकायला छाती लागते.

पुढचा टप्पा भराभर सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. १९४५ मध्ये खिडकीत तारीख दाखवणारं डेटजस्ट, १९५३ मध्ये एक्सप्लोरर आणि सबमरीनर, मग पॅन ॲम या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर, १९५६ मध्ये आठवड्याचा वार पूर्ण अक्षरांत दाखवणारं डे-डेट. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेकडे रोलेक्सही होती आणि ब्रिटिश कंपनी स्मिथ्सची घड्याळंही होती. तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर पोहोचल्यावर दोन्ही कंपन्यांनी त्याचा उपयोग केला. लोकांच्या लक्षात एकच राहिली. इथे जाहिरातीचा मोठा वाटा आहे, हे मी मान्य करतो. जानेवारी १९६० मध्ये ‘त्रिएस्त’ ही पाणबुडी मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल उतरली, तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगाला एक प्रायोगिक रोलेक्स बांधलं होतं. ते चालू स्थितीत वर आलं. या सगळ्या घड्याळांकडे नीट पाहिलं तर दिसतं की प्रत्येक वेळी घड्याळ नवं आहे आणि केस तीच, ऑयस्टर.

आता मालकी. माझ्या मते वाढीचं दुसरं कारण हेच, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. विल्सडॉर्फला मूल नव्हतं. १९४४ मध्ये पत्नी गेल्यावर त्याने पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाचा न्यास स्थापन केला आणि कंपनीतला आपला हिस्सा त्याच्याकडे दिला. १९६० मध्ये तो गेला. रोलेक्स आजही त्या न्यासाच्या मालकीची आहे. नफ्यातला काही भाग जिनिव्हातल्या सामाजिक कामांना जातो. शहरातल्या आर्व नदीवर त्याच्या नावाचा पूलही आहे. शेअर बाजारात ही कंपनी नाही, त्यामुळे दर तिमाहीला आकडे दाखवायचे नाहीत, वारसांची भांडणं नाहीत, कुणी येऊन विकत घेण्याचा धोका नाही.

याचं महत्त्व १९७० च्या दशकात कळलं. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोने क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी तिसरा हिस्साच उरला. नामवंत कारखाने बंद पडले, जुनी यंत्रं भंगारात गेली. रोलेक्स झोपलेली नव्हती. स्विस कंपन्यांनी मिळून केलेल्या क्वार्ट्झ मशीनमध्ये ती सहभागी होती, १९७० मध्ये तिचं स्वतःचं सोन्याचं क्वार्ट्झ घड्याळ आलं, १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्झ आलं. त्या मशीनची घडणही अशी की उघडल्यावर बॅटरीचं घड्याळ आहे यावर विश्वास बसत नाही. पण मुख्य उत्पादन तिने हलवलं नाही. इतरांना भागधारकांना आणि बँकांना उत्तर द्यायचं होतं, त्यांनी स्वस्त क्वार्ट्झकडे उड्या मारल्या आणि जपानी किमतींशी टक्कर देता देता संपले. तेव्हाचा प्रमुख आंद्रे हाइनिगर याच्या हाताखाली रोलेक्स तेच यांत्रिक घड्याळ बनवत राहिली आणि किंमत वर नेत राहिली. वेळ दाखवण्याच्या कामात क्वार्ट्झ जिंकलं होतं. रोलेक्सने यांत्रिक घड्याळ टिकाऊपणा आणि प्रतिष्ठा यांच्या नावावर विकायला सुरुवात केली, आणि तो टिकाऊपणा आधीच्या पन्नास वर्षांत कमावलेला होता.

रोलेक्सचं ३१३५ हे मशीन घ्या. १९८८ मध्ये आलं आणि तीस वर्षांहून अधिक काळ सबमरीनर व डेटजस्टमध्ये चाललं. बॅलन्सला एका बाजूने धरणाऱ्या पुलाऐवजी दोन्ही बाजूंनी टेकलेला पूल, त्यामुळे धक्का बसला तरी बॅलन्स तिरका होत नाही. चाल कमीजास्त करायला नेहमीची लिव्हर नाही. बॅलन्सच्या कड्याच्या आतल्या बाजूला चार इवल्याशा नट आहेत, त्या खास किल्लीने फिरवायच्या. एकदा बसवलेली चाल सहसा हलत नाही. दोष नाहीत असं नाही. सर्व्हिसिंग टाळलं आणि रोटरच्या आसाचं तेल वाळलं की आस झिजतो, रोटर खाली कलतो आणि मशीनवर घासल्याच्या चकचकीत रेघा उमटतात. पण तीन दशकं तेच मशीन म्हणजे तीन दशकांचा दुरुस्तीचा अनुभव कारखान्याकडे परत जातो. दर चार वर्षांनी नवं मशीन आणणाऱ्याला हे मिळत नाही.

डेटोनाचंही तेच. १९६३ मध्ये आलेलं हे क्रोनोग्राफ बरीच वर्षं दुकानात पडून राहायचं. १९८८ पर्यंत त्यात वाल्जू या दुसऱ्या कारखान्याचं, हाताने चावी द्यायचं मशीन होतं. मग झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो हे मशीन घेतलं, पण त्याचे तासाला ३६,००० ठोके कमी करून २८,८०० वर आणले. वेग कमी केला की तेल आणि टोकं जास्त टिकतात. २००० मध्ये स्वतःचं ४१३० आलं. न खपणारं घड्याळ बंद न करता चार दशकं घासत बसणं, हे बाजाराच्या हिशेबात बसत नाही. २०१७ मध्ये नट पॉल न्यूमनचं स्वतःचं डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं.

२००० च्या आगेमागे ब्रेसलेट बनवणारी गे फ्रेर, डायल बनवणारा कारखाना, मग बीएन, असं एकेक करून सगळं घरात आलं. २०२३ मध्ये तर बुखरर ही विक्रेती साखळीच विकत घेतली. कंपनी आकडे प्रसिद्ध करत नाही. बाजारातल्या अभ्यासकांचा अंदाज वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळं आणि दहा अब्ज स्विस फ्रँकहून अधिक विक्रीचा आहे. आजच्या प्रतीक्षा याद्या आणि चढ्या दराने होणारी पुनर्विक्री मला आवडत नाही. घड्याळ तिजोरीत प्लास्टिकसकट ठेवलं की ज्या कारणासाठी ती केस घडवली ते कारणच उरत नाही. पण ही गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे, वाढीचं मूळ ते नाही.

राहिला प्रश्न आज कुणाला हे जमेल का. ऑयस्टरच्या वाटेने नाही. आट्यांची चावी आणि चांगला रोटर आता काही हजार रुपयांच्या जपानी घड्याळातही मिळतो. नव्या माणसाला घड्याळ वापरणाऱ्याची आजची अडचण शोधावी लागेल, आणि माझ्या टेबलावरून दिसते ती अडचण तेलाची आहे. आजच्या चांगल्या केसमध्ये पाणी क्वचित जातं. बंद पडलेलं घड्याळ उघडलं की बहुतेक वेळा वाळलेलं तेल सापडतं, विशेषतः एस्केपमेंटमध्ये, म्हणजे चाकांची गती ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या भागात, जिथे दात रत्नावरून घसरतो. ओमेगाने १९९९ पासून को-ॲक्सियल एस्केपमेंटने ही घसरण कमी करायचा प्रयत्न केला. रोलेक्सने २०२५ मध्ये लँड-ड्वेलर आणलं. त्यातल्या ७१३५ या मशीनमध्ये सिलिकॉनची चाकं घसरण्याऐवजी एकमेकांवर लोळत ढकलतात, आणि ते तासाला ३६,००० ठोक्यांवर चालतं, म्हणजे डेटोनासाठी जो वेग एकदा मुद्दाम सोडला होता त्याच वेगावर. ते मशीन नवं तेल न घालता किती वर्षं चाल सांभाळतं, हे पहिली घड्याळं सर्व्हिसिंगला येतील तेव्हा आम्हाला दिसेल.